गोल पत्त्यांचा डाव

आमच्या माहेरी पत्त्यांचा एक डाव खेळला जायचा. दुसऱ्या कुठल्या घरात तो कुणी खेळत असेल असं मला वाटत नाही. पत्ते मायनं घरी केलेले होते, मूळ खेळ अप्पांनी आणलेला होता, आणि त्यातले निम्मेअधिक नियम माझ्या थोरल्या भावाच्या दुखण्यापायी बदलत गेले. पुढं माझ्या मुलींना मी तो शिकवायला घेतला तेव्हा त्या विचारायच्या, पत्ता टाकताना त्याचं नाव मोठ्यानं का घ्यायचं? तो तर सगळ्यांना दिसतोच की. मी म्हणायची, आमच्याकडं तशी पद्धत होती. त्यापुढं मला कधी सांगवलं नाही. आता सांगते.

धर्मापुरीला आमचं किराणा आणि कापडाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. घरात अप्पा, माय, अप्पांचे वडील म्हणजे आमचे आज्जा, आणि आम्ही तीन भावंडं. दादा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, धाकटा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. राज्य निजामाचं. शाळेत मुनशीजी उर्दू शिकवायचे आणि दादा घरी येऊन चुलीपुढच्या राखेत अलिफ, बे काढून मला दाखवायचा. मुलींना शाळा नव्हती. माझी जी काही अक्षरओळख झाली ती त्या राखेतली.

लहानपणी दादाच्या पोटऱ्या फार भरीव होत्या. दुकानात आलेलं गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, "अप्पा, पोरगं पैलवान निघतंय बघा." अप्पा हसायचे. माय मात्र ते ऐकलं की दादाला हाताला धरून आत न्यायची. दृष्ट लागू नये म्हणून नेत असेल, असं आम्हांला वाटायचं.

पण त्या पोटऱ्यांत जोर नव्हता. दादा पोट पुढं काढून चवड्यांवर चालायचा. बरोबरीची पोरं पळायला लागली की मागं राहायचा. पडला की सरळ उठता यायचं नाही. आधी चारी हातापायांवर व्हायचा, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहायचा. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की सगळे मुलगे असेच उठतात असं मी समजत होते. शाळेला चार पायऱ्या होत्या. आज्जा त्याला पाठीवर घेऊन त्या चढायचे आणि खाली उतरून दुपारपर्यंत बाहेर पिंपळाखाली बसून राहायचे. पुढं दादा जड झाला, आज्जांची कंबर धरली, आणि शाळा सुटली ती सुटली.

घरात बसून बसून तो चिडचिडा व्हायला लागला. अप्पा तरुणपणी गावातल्या देशमुखांच्या बैठकीत गंजिफा खेळलेले होते. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, राजे-वजिरांची चित्रं असलेले. अप्पा एकदा जेवताना म्हणाले, "गंजिफा असता तर पोराचा येळ गेला असता. पण तो आपल्याकडं कुठला."

माय म्हणाली, "कशाचा असतो तो?"

"कापडाचा असतो. रंगवलेला. वरून लाख दिलेली."

"कापड तर हाय आपल्याकडं," माय म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिनं चिंचोके भिजत घातले. चिंचोक्याची खळ शिजवून अप्पांच्या जुन्या धोतराचे थर एकावर एक चिकटवले, दगडाखाली दाबले, उन्हात वाळवले. तळहातात मावेल एवढी वाटी उपडी ठेवून दादानं काजळानं गोल रेघा ओढल्या. अप्पांनी दुकानातल्या कात्रीनं ते गोल कापले. आज्जांनी नदीतला गोटा घेऊन एकेक पत्ता घोटून गुळगुळीत केला. राहिलं रंगवायचं, आणि तिथं माय अडली.

"राजे न् वजीर मी कुठं बघितलेत? मला घरातली माणसं येतील काढता. भांडीकुंडी येतील."

मग तसंच केलं. आम्ही घरात सहा माणसं, म्हणून सहा जातीचे पत्ते. अप्पांचा तराजू, मायची घागर, आज्जांचं जोंधळ्याचं कणीस, माझी बांगडी. धाकटा तेव्हा मांडीवर होता, त्याला चांदोबा दिला. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "मला घोडा पायजे." मोमिनाबादला, म्हणजे आता अंबाजोगाई म्हणतात तिथं, तेव्हा रिसाला, म्हणजे घोडदळ, होता. अप्पांबरोबर एकदा गेला असताना त्यानं तिथले घोडे पाहिले होते. मायला घोडा काही जमला नाही. एकीकडं तोंड केलेलं कान मोठे असलेलं काहीतरी उठलं. दादानं ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मान जरा उचल, मग हुईल घोडा." तिनं मान उचलली.

प्रत्येक जातीत एक ते दहा असे आकड्यांचे पत्ते, म्हणजे एका पत्त्यावर एक घागर, दुसऱ्यावर दोन घागरी, आणि सगळ्यांच्या वर एक धनी. धनी म्हणजे ज्याची जात त्याचं चित्र. अप्पांना मायनं एवढं मोठं पागोटं घातलं होतं की खाली तोंडाला जागाच उरली नव्हती.

खेळ असा. सगळे पत्ते घोंगडीवर पालथे घालून हातानं कालवायचे. गोल पत्ते पिसता येत नाहीत. मग सगळे वाटून टाकायचे. ज्याच्याकडं घोड्याचा धनी येईल त्यानं डाव सुरू करायचा. दिवे लागल्यावर खेळलं तर चांदोबाचा धनी ज्याच्याकडं त्यानं सुरू करायचा. गंजिफात दिवसाचा राजा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा असतो, ते अप्पांनी आमच्या डावात तसंच ठेवलं. सुरू करणाऱ्यानं एक पत्ता टाकायचा. बाकीच्यांनी आपल्या मर्जीनं एकेक पत्ता टाकायचा, पण जिंकायचं तर त्याच जातीचा आणि त्याहून भारी पत्ता लागतो. जिंकेल त्यानं ते पत्ते उचलायचे आणि पुढचा पत्ता टाकायचा. भारी कुठला हे मात्र जातीवर होतं. तराजू, घागर आणि कणीस या मोठ्या माणसांच्या जाती, त्यांच्यात धन्याखालोखाल दहा भारी आणि एक सगळ्यांत हलका. घोडा, बांगडी आणि चांदोबा या लेकरांच्या, त्यांच्यात उलटं. एक भारी, दहा हलका. अप्पा समजावून सांगायचे, "मोठ्यांचं जितकं जास्त तितकं मोठेपण. लेकराचं जितकं कमी तितका लाड." शेवटी ज्याच्यापुढं सगळ्यांत कमी पत्ते, तो हरला. हरणाऱ्यानं पळत जाऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लिंबाच्या झाडाला हात लावून यायचं.

पहिल्या पहिल्यांदा दादाही जायचा. पळणं म्हणजे डुलत डुलत चालणं, पण जायचा. तो येईपर्यंत आम्ही थांबायचो. एके दिवशी तो गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी बघायला गेले तर तो लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता. "उठता येईना," म्हणाला. मी आज्जांना बोलावलं.

त्यानंतर त्यानं पहिला नियम बदलला. "हरणाऱ्यानं पळायचं न्हाई. जिंकणाऱ्यानं पळायचं." अप्पांनी विचारलं, "जिंकणाऱ्याला शिक्षा कावून रे?" दादा म्हणाला, "शिक्षा न्हाई. जिंकल्यावर माणूस पळतोच की." तो काही सारखा हरत नव्हता, उलट आमच्यात सगळ्यांत चांगला खेळायचा. कुठला पत्ता कुणाकडं गेला हे त्याच्या लक्षात राहायचं. त्यामुळं आता पळायची पाळी जास्त वेळा त्याचीच यायला लागली, आणि तो म्हणायचा, "माझ्या बदली धाकटा पळंल." धाकटा नुकताच चालायला-धावायला लागला होता. त्याला काय, तो आनंदानं जायचा.

त्याच सुमारास अप्पांनी आणि मायनं दादाला मोमिनाबादच्या हकीमाकडं नेलं. बैलगाडीत गवत पसरून त्याला निजवलं. दादानं हट्ट धरला म्हणून मलाही घेतलं. हकीमसाहेब म्हातारे होते, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी दादाला उठायला सांगितलं आणि तो कसा उठतो ते पाहिलं. मग पोटऱ्या दाबून पाहिल्या. मग पदर पुढं ओढून बसलेल्या मायकडं वळून त्यांनी विचारलं, "बीबी, मैके में किसी को ऐसा था?"

माय म्हणाली, "न्हाई."

"कोई भाई? कोई मामू?"

"न्हाई," माय परत म्हणाली.

हकीमांनी मालिशसाठी तेल दिलं. निघताना अप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मालिश करते रहो. झूठ नहीं बोलता, दवा मेरे पास नहीं है." परतीच्या वाटेवर अप्पा गाडीच्या मागं पायी चालत होते. दादा पडल्या पडल्या आभाळाकडं बघत होता. थोड्या वेळानं तो मला म्हणाला, "आज रिसाल्यातले घोडे काही दिसले न्हाईत." मी म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप म्हणजे कधी, ते आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं.

तेल संपलं, परत आणलं, परत संपलं. आज्जांनी श्रावणातल्या सोमवारी अनवाणी परळीला वैजनाथाला जायचं धरलं. कंबरेनं साथ दिली तोवर गेले. कुणी सांगितलं म्हणून मायनं दादाचे पाय गरम वाळूत पुरून ठेवले, कुणी सांगितलं म्हणून अमुक पाला वाटून बांधला. दुखण्यानं आपलं काम केलं. दादा चालायचा थांबला, मग उभा राहायचा थांबला. गुडघे मुडपले ते मुडपलेलेच राहिले.

मग हात. पत्ते हातात धरायचे म्हणजे दंड उचलून धरावा लागतो, तो त्याला उचलवेना. पत्ते घसरून मांडीवर पडायचे आणि सगळ्यांना दिसायचे. आज्जांनी सुताराकडून लाकडाचा एक ठोकळा आणला, त्यात करवतीनं खाचा पाडून घेतल्या. त्या खाचांत पत्ते उभे करायचे आणि ठोकळा दादापुढं ठेवायचा. आपल्याला कुठला टाकायचा तो पत्ता दादा सांगायचा, आणि शेजारी बसलेला धाकटा तो काढून टाकायचा. पण एकट्यानंच नाव घ्यायचं हे दादाला आवडेना. दोन-तीन डाव झाल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांनीच नाव घ्यायचं. न घेता टाकला तर तो पत्ता बाद." म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो, "घागर सात," "कणीस दोन," "तराजूचा धनी." बाहेर दुकानात गिऱ्हाईकाला ऐकू जायचं. एकदा एकानं अप्पांना विचारलं, "आत कशाचा लिलाव चालू हाय?"

दुपारी दुकानाला फळ्या लावल्या की अप्पा यायचे आणि डाव पडायचा. ती दुपार आमच्या घरात फार चांगली असायची. दादा जिंकला की धाकटा लिंबाकडं पळायचा, दारातून दादाला ते दिसायचं, आणि तो ओरडून सांगायचा, "हात लाव, नुसतं बघून येऊ नको."

अशाच एका दुपारी धाकटा पळाला आणि वाटेत पडला. पडला तर पडला, मुलं पडतातच. पण मी त्याला उठताना पाहिलं. त्यानं आधी दोन्ही हात जमिनीला लावले, मग एक हात गुडघ्यावर ठेवला, मग दुसरा मांडीवर.

माय माझ्या मागं उभी होती. तिच्या हातात ताकाचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला नाही, तसाच धरून उभी राहिली. धाकटा लिंबाला हात लावून परत आला, हसत होता. मायनं त्याला जवळ घेतलं, खाली बसली आणि त्याच्या पोटरीवरून हात फिरवला. मग अंगठ्यानं दाबून पाहिलं, जसं हकीमांनी दाबलं होतं तसं.

"आता पळणं बंद," ती म्हणाली.

"कावून?" धाकट्यानं विचारलं.

"ऊन लई हाय."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग धाकट्याकडं. हातातले पत्ते त्यांनी घोंगडीवर पालथे ठेवले आणि दुकान उघडायला गेले. दुकान उघडायची अजून वेळ झालेली नव्हती.

त्या संध्याकाळी मी दादाला भरवत होते. तो म्हणाला, "अक्का, तू बघितलंस का?" मी त्याच्याहून लहान, पण धाकटा मला अक्का म्हणायचा म्हणून तोही म्हणायचा.

मी म्हटलं, "काय?"

"मला माहीत हाय तू बघितलंस."

मी घास पुढं केला. त्यानं तोंड उघडलं नाही. म्हणाला, "अप्पांना सांग, त्याला मोमिनाबादला नेऊ नका. त्या वाळूत पाय पुरू नका. लई जळतंय त्यात. मी कुणाला सांगितलं न्हाई."

मी ते अप्पांना सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं. धाकट्याला हकीमाकडं नेलं नाही, वाळूतही पुरलं नाही. अप्पांना त्यात सुटल्यासारखं वाटलं की आणखी अडकल्यासारखं, ते मला कळलं नाही. आपण काहीतरी करतो आहोत एवढा तरी आधार त्या तेलापाल्याचा होता. तोही गेला.

दादानं मात्र धाकट्याला शिकवायला घेतलं. आधी त्याला खेळ नुसता येत होता, आता दादा त्याला लक्षात ठेवायला शिकवू लागला. पत्ते न बघता डाव सांगायचा. कुणी काय टाकलं, कुणाकडं काय उरलं असेल. धाकटा कंटाळायचा, म्हणायचा, "बघून खेळता येतंय की, तोंडपाठ कशाला?" दादा म्हणायचा, "ये इकडं, परत सांग." मी तिथंच बसून निवडणं-टिपणं करायची. दादा का शिकवतोय ते मला ठाऊक होतं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं. पण उठून जायला कारण लागतं.

दादा थंडीत गेला. खोकला झाला होता, आणि तो खोकायला लागणारा जोर त्याच्याकडं उरलेला नव्हता. छातीत घरघर वाजायची. माय त्याला टेकून बसवायची, पाठ चोळायची, पुन्हा बसवायची. दोन-तीन दिवस ती जेवली की नाही कुणी पाहिलं नाही. एका सकाळी तिनं अप्पांना हाक मारली, तिच्या आवाजावरूनच आम्हांला कळलं. आमच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात. जंगमस्वामी आले. दादाचे पाय मुडपलेलेच होते, बसवायला काही त्रास पडला नाही. कुणीतरी तसं बोललंसुद्धा. मायनं ते ऐकलं.

पुढं कितीतरी महिने पत्ते फडताळात होते. कुणी नाव काढलं नाही. शेवटी धाकट्यानंच काढलं. तोवर त्याचंही चालणं दादासारखं झालं होतं. तो म्हणाला, "अप्पा, डाव टाकू या की." अप्पांनी मायकडं पाहिलं. माय म्हणाली, "टाका."

आम्ही बसलो. अप्पा, आज्जा, माय, मी, तो. पत्ते वाटले. घोड्याचा धनी आज्जांकडं आला होता. आज्जांनी पत्ता टाकला, मी टाकला. धाकट्याची पाळी आली तर तो बसल्या जागेवरून सरकत सरकत फडताळापाशी गेला, लाकडाचा ठोकळा काढला, पुढ्यात ठेवला आणि आपले पत्ते एकेक करून त्या खाचांत उभे केले. त्याचे हात तेव्हा चांगले होते. चांगले धडधाकट होते.

मी म्हटलं, "तुला कशाला तो? हातात धर की."

तो म्हणाला, "आतापासनं सवय करून घेतो."

आज्जा पत्त्यांकडं बघत राहिले. माय उठली आणि चुलीकडं गेली. तिकडं काही काम नव्हतं, आमचं जेवण झालेलं होतं. धाकटा वाट बघत राहिला. मग म्हणाला, "बांगडी तीन. अक्का, काढून टाक." मी काढून टाकला.

त्यानंतर वर्षभरात माझं लग्न झालं. सासर माजलगावचं, धान्याच्या अडतीचं घर. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी माय मला केस विंचरायला घेऊन बसली. विंचरता विंचरता ती म्हणाली, "मी हकीमापाशी खोटं बोलले."

मी मागं वळू लागले, तर तिनं डोकं धरून पुढं केलं.

"मला एक भाऊ होता. असाच. माझं लगीन व्हायच्या आधी गेला. माझ्या मायच्या एका भावाला पण असंच हुतं म्हणत्यात. आमच्याकडं ते कुणी बोलायचं न्हाई."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुझे अप्पा बसलेले हुते समोर," ती म्हणाली. "आणि सांगून त्यानं काय दवा दिली असती? दवा न्हाई म्हणालाच की तो." थोडा वेळ फणी चालत राहिली. "दादाच्या पोटऱ्यांना लोक चांगलं म्हणायचे ना, मला तवाच कळलं हुतं. चालायला लागला त्याच वर्षी. मी रोज बघायची. आज बरा उठला, आज न्हाई उठला. धाकट्याच्या वेळी म्हटलं, येक गेलं तर येक राहील."

मी विचारलं, "अप्पांना आता तरी माहीत हाय का?"

"माहीत असंल. ते विचारत न्हाईत."

तिनं वेणी घातली. मला आणखी पुष्कळ विचारायचं होतं. मला काय होणार, माझ्या लेकरांना काय होणार, असलं. पण त्याचं उत्तर तिच्याकडं नाही हे दिसत होतं, म्हणून मी उठून फणी पुसून ठेवली. पुढं मला दोन मुली झाल्या, मग मुलगा. तो पळायला लागला त्या वर्षी मी त्याच्या मागं मागं फिरले. तो सरळ उठायचा. दादाला का झालं आणि माझ्या मुलाला का नाही, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. मुलींकडं बघताना, त्यांच्या मुलग्यांचं काय, हे अजून मनात येतं ते येतंच.

माहेरी मी सणावाराला जायची. गेले की धाकटा आधी डावच काढायचा. दर खेपेला तो थोडा आणखी अंथरुणाला लागलेला असायचा. आज्जा गेले, मग चौघांचा डाव. मी सासरी असले की तिघांचा, म्हणजे अप्पा, माय आणि तो. अप्पा दुकानात अडकले की नुसते दोघंच, आणि दोघांत हा डाव लांबत जातो, दिवसदिवस चालतो. माय भाकरी थापता थापता खेळायची. तिचे पत्ते चुलीशेजारी पाटावर पालथे, त्याचे ठोकळ्यात उभे. तो नाव सांगायचा, ती हात पुसून त्याचा पत्ता टाकायची, मग स्वतःचा. तोंडपाठ सगळं त्याला होतं. मायनं चुकून हलका पत्ता टाकला तर तो म्हणायचा, "तुझ्याकडं चांदोबा दोन हाय की, तो टाक." तिच्या हातातलेही त्याला माहीत असायचे. मग ती तो टाकायची आणि धाकटा तो हात हरायचा.

त्याची खबर मला सुगीच्या दिवसांत मिळाली. गाडी जुंपून निघाले, पण धर्मापुरी काही जवळ नाही. मी पोचले तेव्हा माती झालेली होती. अप्पा दारात बसले होते. त्यांनी मला बघून नुसती मान हलवली. आत माय चुलीपुढं बसली होती आणि चूल पेटलेली नव्हती.

मी तिच्याशेजारी बसले. ती सांगायला लागली.

"मी भाकरी करत हुते. डाव चालूच हुता, आदल्या दिवशीचा. त्यानं पत्ता सांगितला. बारीक आवाज झाला हुता त्याचा, मला ऐकू आलं न्हाई. म्हटलं, थांब जरा, तव्यावर भाकरी हाय. भाकरी उतरवली, हात धुतले, आले, तर..."

मग म्हणाली, "कोणता म्हणला, ते राहूनच गेलं."

ठोकळा अजून त्याच्या अंथरुणाच्या जागेशी होता. कुणी हलवला नव्हता. त्यात तीनच पत्ते उरले होते, आणि घोंगडीवर मायनं टाकलेला घागरीचा आठ तसाच होता. मी वाकून ते तीन पत्ते पाहिले. घागरीचा एकही नव्हता. म्हणजे कुठलाही टाकला असता तरी तो हात मायचाच होता.

"कोणता म्हणला असंल?" मायनं विचारलं. ती माझ्याकडं बघत होती. खरंच विचारत होती.

त्या तीन पत्त्यांत कणसाचा एक होता, बांगडीचा नऊ होता आणि घोड्याचा सात. खेळणारा कुणीही त्यातला कणसाचा एक टाकील, तो सगळ्यांत हलका. धाकट्यानंही तोच सांगितला असता. त्याला खेळ फार चांगला येत होता.

"कणसाचा एक," मी म्हटलं.

"कणसाचा एक," माय म्हणाली. तिनं हात लांब करून ठोकळ्यातून तो पत्ता काढला आणि घागरीच्या आठाशेजारी ठेवला. मग दोन्ही पत्ते उचलून आपल्या बाजूला घेतले. अप्पा दारातून उठून आत आले होते आणि भिंतीला धरून उभे होते. मायनं पदर सावरला, चुलीत काड्या घातल्या आणि त्यांना विचारलं, "काही खाल्लं का सकाळपासनं?"